मदत हवी आहे : मामा 'रिझर्व्ह'मध्ये होते, पेन्शन बसते का?

वाडीकर_निलेश
माझे मामा मिलिटरीत होते. आता 80 पूर्ण झाली आहेत. पेन्शन नाही, कसलंच कार्ड नाही. ते म्हणतात "मी रिझर्व्हला होतो, आम्हांला काही मिळत नाही". गावात एकजण 15 हजार द्या, पेन्शन काढून देतो म्हणतोय. रिझर्व्हवाल्यांना काही मिळतं का, एवढंच सांगा. लवकर सांगितलंत तर बरं, त्याला शुक्रवारी उत्तर द्यायचं आहे.

कागदवाली
15 हजार देऊ नका. यातल्या एकाही अर्जाला फी नाही. खर्च झेरॉक्सचा आणि स्पीड पोस्टचा.

आता सांगा: भरती कधी, सुटले कधी, कुठली रेजिमेंट, डिस्चार्ज बुक आहे का?

गडकरी_मास्तर
रिझर्व्ह म्हणजे टेरिटोरियल आर्मी का? कोल्हापूरची 109 मराठा टीए किंवा पुण्याची 101? तसं असेल तर शिपायांना पेन्शनसाठी 15 वर्षांची एम्बॉडीड सेवा लागते. वर्षाकाठी महिना-दोन महिने ट्रेनिंगला गेलं म्हणजे झालं, असं नाही. युनिट एम्बॉडी असतानाचे, म्हणजे प्रत्यक्ष तैनातीचे दिवस धरतात. तुकड्यातुकड्यांनी भरले तरी चालतात, पण बेरीज भरली पाहिजे. पहिल्यांदा एम्बॉडीमेंटचे दाखले गोळा करा.

वाडीकर_निलेश
टीए नाही. मराठा. 1963 ला भरती. बुक आहे, इंग्रजीत आहे, पानं सुटी झालीत.

नियम_155
मग ही 'कलर आणि रिझर्व्ह'ची जुनी पद्धत. पूर्वी सिपायाची भरती दोन भागांत व्हायची: काही वर्षं प्रत्यक्ष पलटणीत (कलर), उरलेली घरी राहून, बोलावलं की हजर व्हायचं (रिझर्व्ह). 7 अधिक 8, 9 अधिक 6, 10 अधिक 5 अशा जोड्या असत. 1965 आणि 1971 ला असे रिझर्व्हिस्ट परत बोलावले गेले होते.

दोन्ही मिळून पात्र सेवा 15 वर्षांची झाली, तर 'रिझर्व्हिस्ट पेन्शन' आहे. 1961 च्या आर्मी पेन्शन रेग्युलेशन्समधला परिच्छेद 155. तेव्हा महिना 10 रुपये 50 पैसे किंवा त्याऐवजी एकरकमी 800 रुपये ग्रॅच्युइटी, असा पर्याय असे. पुढे हे पेन्शन सिपायाच्या सर्वांत कमी पेन्शनच्या दोन तृतीयांश झालं. म्हणजे "रिझर्व्हवाल्यांना काही मिळत नाही" हे सरसकट खरं नाही.

पण सगळं बुकातल्या दोन नोंदींवर आहे. एक, कलर सेवा संपताना काय लिहिलंय: 'ट्रान्सफर्ड टू रिझर्व्ह' की नुसतं 'डिस्चार्ज्ड'? त्या काळात जागा नाही म्हणून रिझर्व्हला न घेता थेट घरी पाठवलेले पुष्कळ आहेत. तेही आज स्वतःला रिझर्व्हवालेच म्हणवतात. दोन, रिझर्व्हमधून सुटताना कारण काय दिलंय: मुदत संपली, स्वतःच्या विनंतीवरून, की ट्रेनिंगला हजर न राहिल्याने नाव कमी. ती दोन पानं वाचून शब्द जसेच्या तसे इथे टाका.

समुद्रपक्षी
सरळ आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल (सैन्याच्या दाव्यांचं न्यायाधिकरण), मुंबई खंडपीठ. टी. एस. दास खटल्यात 2016 ला सुप्रीम कोर्टाने रिझर्व्हवाल्यांच्या बाजूने निकाल दिलाय. पत्रव्यवहारात वर्षं घालवू नका.

नियम_155
तो निकाल नौदलाचा आहे साहेब. 10 वर्षांची सेवा झालेल्या आणि फ्लीट रिझर्व्हला (नौदलाच्या रिझर्व्हला) न घेतलेल्या खलाशांचा. त्यांना मिळालं ते स्पेशल पेन्शन. रिझर्व्हिस्ट पेन्शन नव्हे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सिपायाला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

शिवाय ट्रिब्युनलमध्ये पहिला प्रश्न येतो तो हा: रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला होता का, त्यांनी काय कळवलं? नकाराचं पत्र हातात नसेल तर वकील तरी काय दाखवणार.

समुद्रपक्षी
आणि 80 वर्षांच्या माणसाने त्या पत्राची वाट बघत बसायची?

कागदवाली
म्हणूनच दोन कामं एकाच वेळी चालवायची. पेन्शनचं लांबणार हे धरून चाला. तोवर पेन्युरी ग्रँट. केंद्रीय सैनिक बोर्डाची योजना: पेन्शन नसलेले, हवालदार हुद्द्यापर्यंतचे, 65 वर्षांवरचे माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा. महिना 4,000 होते, 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 8,000 केलेत. अर्ज ऑनलाइन भरायचा, तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारशीने वर जातो.

त्यासाठी आधी माजी सैनिक म्हणून नोंदणी आणि ओळखपत्र लागतं. निलेश, मामांनी जिल्ह्याला नोंदणी कधीच केली नसणार, बरोबर? इथेच सगळे अडकतात.

वाडीकर_निलेश
नाही केली. कुठला जिल्हा धरायचा? बुकावर रत्नागिरी आहे, आम्ही सिंधुदुर्गात.

कागदवाली
आज राहतात तो. सिंधुदुर्ग 1981 ला वेगळा झाला, त्याआधीच्या बुकांवर रत्नागिरीच असणार, त्यात चूक काही नाही. जाताना आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, फोटो आणि मूळ डिस्चार्ज बुक. झेरॉक्स सगळ्या पानांची, कोरी दिसणारी सोडू नका. बुक लॅमिनेट करू नका. पानं सुटी असतील तर क्रम लावून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. लॅमिनेट केलं की मागचे शिक्के वाचता येत नाहीत आणि मूळ आहे की प्रत, अशी शंका घेतात.

बुकातलं नाव आणि आधारवरचं नाव बघून घ्या. भरतीच्या वेळी कारकुनाने कानावर आलं तसं लिहिलंय. 'गणू' आणि 'गणपत' असा फरक असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र. जन्मतारीख मात्र लष्करी नोंदीतलीच धरतात. तिच्याशी जुळवायला आधार दुरुस्त करा, उलटं नाही.

बोलका_पोपट
ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांची आरोग्य योजना) काढा! मोठ्या हॉस्पिटलात कॅशलेस.

कागदवाली
पेन्शन नाही तर ईसीएचएस नाही. 2019 मध्ये दुसऱ्या महायुद्धातले सैनिक, इमर्जन्सी आणि शॉर्ट सर्व्हिसचे अधिकारी वगैरेंना सवलत दिली, साध्या सिपायाला नाही. उद्या रिझर्व्हिस्ट पेन्शन मंजूर झालं आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) हातात आला तर जरूर काढा. 1996 पूर्वी सुटलेल्यांना वर्गणीही भरावी लागत नाही.

गडकरी_मास्तर
मुळात 'माजी सैनिक' कोण, याची व्याख्या सुटण्याच्या तारखेप्रमाणे बदलते. 1 जुलै 1987 नंतर सुटलेल्यांना साधारणपणे पेन्शन मिळवून सुटण्याची अट आहे. त्याआधीचे नियम बरेच सैल. त्यामुळे पेन्शन नाही म्हणजे माजी सैनिक नाही, असं खिडकीवर कोणी म्हणालं तर शांतपणे सुटण्याची तारीख दाखवा.

अग्निपथी
आताच्या अग्निवीरांचं तर याहून अवघड. 4 वर्षं, त्यातले 25 टक्के कायम, बाकीच्यांना ना पेन्शन ना माजी सैनिकाचा दर्जा.

बोलका_पोपट
त्यांना सेवानिधी मिळतो की एकरकमी. फुकट नाही काही.

अग्निपथी
1970 च्या 800 रुपयांसारखाच. पन्नास वर्षांनी त्यांचे भाचे इथे धागा काढतील.

कागदवाली
अग्निवीरांचा धागा वेगळा आहे, तिकडे भांडा.

वाडीकर_निलेश
बुक वाचलं. भरती 12 मार्च 1963. 'ट्रान्सफर्ड टू रिझर्व्ह' 20 मे 1970. रिझर्व्हमधून डिस्चार्ज 19 फेब्रुवारी 1978. कारणाच्या जागी शाई उडालीय. मोजलं तर 15 ला तीन आठवडे कमी पडतात. म्हणजे गेलं का सगळं?

नियम_155
अजिबात नाही. रिझर्व्हला घेतल्याची नोंद आहे ही मोठी गोष्ट, अर्ध्या प्रकरणांत तीच नसते. 14 वर्षं 11 महिने होतात. पेन्शनसाठीची कमी पडलेली सेवा माफ करण्याची तरतूद नियमांत आहे, पूर्वी 6 महिन्यांपर्यंत, 2001 पासून 12 महिन्यांपर्यंत. अर्जात ती नाव घेऊन मागा. न मागता कोणी देत नाही. अडचण एकच: स्वतःच्या विनंतीवरून सुटले असतील तर माफी नाकारतात. म्हणून उडालेल्या शाईचं कारण कळणं सगळ्यांत महत्त्वाचं.

उलट्या बाजूने, 17 वर्षांखालची सेवा आणि बिनरजेची गैरहजेरी वजा होते. जन्मतारखेवरून भरतीचं वय काढून बघा.

आणि मामांना विचारा, सुटताना एकरकमी पैसे घेतले होते का? पेन्शनऐवजी ग्रॅच्युइटी घेतली असेल तर दावा खूपच कमजोर होतो. हे लपवून अर्ज करू नका, त्यांच्याकडे नोंद असते.

समुद्रपक्षी
नोंद असते म्हणता, पण पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट करतात. "रेकॉर्ड डिस्ट्रॉइड" एवढं उत्तर येईल, बघा.

नियम_155
शीट रोल, म्हणजे सेवेची सविस्तर नोंद, नष्ट होतो. लाँग रोल ठेवतात. त्यात नंबर, भरती, रिझर्व्हची तारीख, सुटल्याचं कारण थोडक्यात असतं. त्यामुळे पत्रात 'माझी कागदपत्रं द्या' असं मोघम लिहायचं नाही. लिहायचं: लाँग रोलचा साक्षांकित उतारा, सुटल्याचं कारण, आणि ग्रॅच्युइटी दिली असल्यास रक्कम व तारीख. पत्ता: रेकॉर्ड्स, द मराठा लाइट इन्फंट्री, बेळगाव. सोबत बुकाच्या साक्षांकित प्रती. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा, एक थेट स्पीड पोस्टने.

समुद्रपक्षी
आरटीआय टाका त्यापेक्षा. 10 रुपये, 30 दिवस.

नियम_155
हे पटलं. पण आरटीआय मामांच्या सहीने, मामांच्या ओळखपत्रासह. भाच्याने टाकला की 'त्रयस्थाची वैयक्तिक माहिती' म्हणून कलम 8(1)(j) खाली नाकारतात. महिना वाया.

गडकरी_मास्तर
कागदवालींच्या पेन्युरीच्या सल्ल्याबद्दल एक शंका. त्या अर्जात 'मला पेन्शन नाही' असं लिहून द्यावं लागतं. तेच पुढे पेन्शनच्या दाव्याविरुद्ध वापरलं तर?

कागदवाली
'पेन्शन मिळत नाही' आणि 'पेन्शनचा हक्क नाही' यांत फरक आहे. आज मिळत नाही हे खरंच आहे, तेवढंच लिहायचं. पेन्शन सुरू झालं की लगेच कळवून ग्रँट बंद करायची, नाहीतर वसुली लागते. दरवर्षीचा हयातीचा दाखला विसरू नका, तो चुकला की पैसे थांबतात.

नियम_155
सहमत. पैशांचा अंदाजही आधीच देतो. दावा मंजूर झाला तरी 1978 पासूनची थकबाकी मिळत नाही. सुप्रीम कोर्टाच्या तर्सेम सिंग निकालानंतर (2008) साधारणपणे अर्जाच्या आधीच्या 3 वर्षांचीच देतात. वन रँक वन पेन्शनही रिझर्व्हिस्ट पेन्शनला लागू नाही, त्या योजनेच्या सरकारी पत्रातच वगळलंय. एजंटने लाखोंच्या थकबाकीचं गाजर दाखवलं असेल तर त्याला हे दोन मुद्दे विचारा.

बोलका_पोपट
घरपट्टी माफ होते ना माजी सैनिकांना?

कागदवाली
हो, महाराष्ट्रात 2020 पासून, एका घरापुरती. त्यालाही जिल्हा सैनिक कार्यालयाचाच दाखला. फिरून फिरून पहिली पायरी तीच: नोंदणी.

वाडीकर_निलेश
एजंटला नाही म्हणून कळवलं. सोमवारी ओरोसला, जिल्ह्याच्या ऑफिसात जातो. मामांचा हात थरथरतो, सही बुकातल्यासारखी येत नाही. बँकेने पण एकदा परत पाठवलंय. आणि ते 800 रुपयांचं विचारलं तर म्हणतात "काहीतरी मनीऑर्डर आली होती".

कागदवाली
सहीचा हट्ट धरू नका. डाव्या अंगठ्याचा ठसा, बाजूला दोन साक्षीदारांची नावं, सह्या, पत्ते. सगळ्या अर्जांवर अंगठाच, एकीकडे सही आणि एकीकडे अंगठा असं करू नका. बँकेतही तसंच बदलून घ्या, पैसे जमा होण्याआधी.

नियम_155
मनीऑर्डर कितीची आणि कोणत्या साली, तेवढं आठवतंय का विचारा. रिझर्व्हमध्ये असताना थोडा भत्ताही यायचा, ती त्याची असू शकते. बुकात शेवटून दोन-तीन पानांवर पैशांच्या नोंदी असतील. पान उजेडात तिरपं धरून मोबाइलने फोटो काढा, उडालेल्या शाईचा दाब दिसतो. कारणाचं पानही तसंच करून इथे लिहा. फोटो टाकताना नंबर आणि नाव झाका.