मदत हवी आहे: देवनागरी आकडे कोरलेली मार्टिनी-हेन्री कार्बाइन, दुर्मीळ की नुसतीच जुनी?

नमस्कार मंडळी,

इथे ओहायोत माझा एक सहकारी आहे, त्याला जुन्या लष्करी वस्तूंचं भारी वेड. एका विक्रेत्याकडे त्याने आखूड नळीची एक बंदूक हेरून ठेवली आहे. सोबतच्या चिठ्ठीवर "ब्रिटिश घोडदळाची मार्टिनी-हेन्री कार्बाइन, १८७९ चं झुलू युद्ध, अत्यंत दुर्मीळ" असं लिहिलंय आणि भाव १८०० डॉलर. नळीवर 'हिंदीत' काहीतरी कोरलंय म्हणून फोटो माझ्याकडे आले.

वाचता आलं ते असं: आधी 'श्री', मग एक पुसट अक्षर आणि पुढे १९४९. हे सांगितल्यावर गड्याचा चेहराच उतरला. इथल्या संघराज्याच्या कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक 'अँटीक', त्यानंतरची नाही. म्हणजे चिठ्ठी खोटी, की मी चुकीचं वाचतोय? आणि १८०० हा भाव रास्त आहे का? मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तोफखाना:
वाचलंत बरोबर, फक्त सन इसवी धरू नका. ही नेपाळची दिसते. तिथे विक्रम संवत चालतो, १९४९ मधून ५६-५७ वजा करा, १८९२-९३ येईल. तेव्हा वीर शमशेर राणा पंतप्रधान होते आणि सैन्यासाठी बंदुका जमवणं, घडवणं जोरात चालू होतं. अर्थात तो आकडा नुसता शस्त्रागारातला क्रमांकही असू शकतो. त्यामुळे वय ठरवायचं ते बंदुकीच्या घडणीवरून, या एका आकड्यावरून नाही.

आता खरी तपासणी. बंदुकीच्या उजव्या अंगाला, लिव्हरच्या वर, काय छापलंय? अस्सल ब्रिटिश कार्बाइनवर तिथे मुकुट, त्याखाली व्ही. आर. (राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं), एनफिल्ड किंवा दुसऱ्या कारखान्याचं नाव, साल आणि आय. सी. १ अशी नमुन्याची खूण असते.

धागाकर्ता:
काहीच नाही हो! सपाट आहे. उलट कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसतात, आणि दोन स्क्रूंच्या खाचा एकसारख्या नाहीत.

तोफखाना:
मग झुलू युद्ध विसरा. देवनागरी अक्षरं असणं हा दोष नाही. नेपाळला पोचलेल्या अस्सल ब्रिटिश बंदुकांवरही तिथल्या लोकांनी आपली अक्षरं कोरली. पण ब्रिटिश शिक्का मुळातच नाही आणि कानस अशी उघडी दिसते, तर ती बहुतेक नेपाळातच हाताने घडवलेली. तिथे बेल्जियमच्या फ्रँकोट या बंदूककाराच्या धर्तीवर कार्बाइन बनत. विक्रेत्याला यंत्रणा काढून दाखवायला सांगा. सगळी एका गठ्ठ्याने बाहेर आली तर फ्रँकोट पद्धतीची.

जुना_बाजार:
'अत्यंत दुर्मीळ' वाचून हसू आलं. २००३ साली दोन अमेरिकी कंपन्यांनी काठमांडूच्या लगन सिलेखाना राजवाड्यातला सगळा जुना साठा उचलला, पन्नास हजारांच्या वर बंदुका. त्याआधी गहेंद्र रायफल, म्हणजे नेपाळातच बनलेली मार्टिनीसारखी दिसणारी बंदूक, पाश्चात्त्य संग्राहकांच्या नजरेलाही पडत नसे. नंतर कॅटलॉगमधून घरपोच यायला लागली. बनवताना थोड्याच बनल्या हे खरं असूनही भाव चढत नाही, कारण विकाऊ माल भरपूर आणि घेणारे मोजके.

शिवाय संग्राहक पैसे मोजतात ते मूळ भाग, स्पष्ट शिक्के आणि न घासलेला पृष्ठभाग यांसाठी. एखाद्याने तारेच्या ब्रशने चकाचक केली की किंमत गेलीच. तेव्हा विकत घेतली तरी साफसफाईचा उत्साह आवरायला सांगा, जुनं चिकट ग्रीस तेवढं हलक्या हाताने काढायचं. आणि भाव बघायचा तर लिलावात विकल्या गेलेल्यांचा बघा. मागायला काय, कोणीही काहीही मागतो.

सह्याद्रीचा_वारा:
खैबर खिंडीतल्या कारागिरांनी केलेल्या ब्रिटिश बंदुकांच्या नकला लक्षात असू द्या. त्यांत एनफिल्डमधला इंग्रजी 'एन' उलटा निघतो, मुकुट वेडावाकडा असतो, आणि व्ही. आर. खाली १९०१ नंतरचं साल सापडतं, म्हणजे राणी गेल्यावरही तिच्या नावाने बंदुका! तुमची त्यातली वाटत नाही. पण चिठ्ठीत 'झुलू' लिहिणारा माणूस इतर ठिकाणीही सोयीचंच लिहील, असं माझं मत.

आणखी एक, चालवायची तर मुळीच नाही. हाताने घडवलेल्या ब्रीचवर (काडतूस भरायच्या मागच्या भागावर) जिवाचा भरवसा कोण ठेवणार?

धागाकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार! सहकाऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणतो, झुलू नसली तरी नेपाळची गोष्ट जास्त आवडली, पण १८०० देणार नाही. यंत्रणेचा फोटो विक्रेत्याकडे मागितला आहे, आला की इथेच टाकतो. तोपर्यंत 'श्री'नंतरचं ते पुसट अक्षर कुणाला लागतंय का बघा, मला ते 'क' वाटतं, बायकोला 'फ'.