राज्यांना जास्त अधिकार आणि जास्त पैसा मिळायलाच हवा, तुमचं मत काय?

माणदेशी: माझं मत स्पष्ट आहे, मिळायलाच हवा. रोजगार हमीच बघा. 1972 च्या दुष्काळात लोक खडी फोडायला गेले, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंनी योजना मांडली, 1977 ला आपल्या विधिमंडळाने कायदा केला आणि पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन खेड्यातल्या मजुराला हक्काचं काम दिलं. देशाचा कायदा यायला 2005 उजाडलं!! दिल्लीची वाट बघत बसलो असतो तर?

नाक्यावरचा: नाही पटत. जीएसटी यायच्या आधी प्रत्येक राज्याचा कर वेगळा, चेकपोस्टवर ट्रकच्या रांगा, वर शहरात शिरताना जकात, माझा ट्रान्सपोर्टचाच धंदा आहे, मी रोज भोगलंय हे. 2017 नंतर तो ताप गेला. आणि बिहारसारख्या राज्यांना केंद्राने द्यायचं नाही तर कोणी?

माणदेशी: बिहारला द्या ना, कोण नाही म्हणतंय. 15 व्या वित्त आयोगाने केंद्राच्या करांतले 41 टक्के राज्यांना द्यायला सांगितले, पण सेस आणि सरचार्ज, म्हणजे करावर लावलेले जादा आकार, त्या वाटणीत धरतच नाहीत. जीएसटीचे निर्णय घेणाऱ्या केंद्र-राज्यांच्या जीएसटी परिषदेत ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात आणि एकट्या केंद्राकडे एक तृतीयांश, म्हणजे सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय काही होत नाही. हे चूक आहे.

वैनगंगा: दादा, रोहयोचं शंभर टक्के मान्य. पण अधिकार मुंबईपर्यंत येतात आणि तिथेच राहतात त्याचं काय? 1994 ला विदर्भ मराठवाड्यासाठी विकास मंडळं झाली, एप्रिल 2020 ला मुदत संपली, वेळेत वाढवली नाही. खुद्द मुंबई मनपाची मुदत मार्च 2022 ला संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त प्रशासक!

नाक्यावरचा: हेच म्हणतोय मी, राज्यंच खाली काही देत नाहीत.

वैनगंगा: म्हणून सगळं दिल्लीला द्यायचं? नाही हो. आमच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गाव आहे, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं. 2009 ला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तरी स्वतःचा बांबू विकायला वाहतूक पास वनखात्याकडेच, तो अधिकार ग्रामसभेला 2011 ला मिळाला. गाव सगळे निर्णय सर्वसहमतीने घेतं. राज्याला वाढीव पैसा जरूर द्या, पण ग्रामसभेचा वाटा कायद्यात लिहूनच.

माणदेशी: ताई, यावर माझी सही. फक्त तो वाटा विधानसभेने ठरवावा, केंद्राने नको.