नियम बाईंनाही लागू का?

काही जण म्हणतात की चौथीच्या मुलांना संविधान समजणार नाही, उद्देशिका पाठ झाली तरी पुष्कळ. मी प्राथमिकला शिकवते आणि मला हे अजिबात पटत नाही. रोज परिपाठाला मुलं ‘आम्ही भारताचे लोक’ म्हणतात, पण त्यातला ‘आम्ही’ म्हणजे आपणच, हे त्यांना सांगतं कोण?

गेल्या वर्षी मी वर्गाचे नियम मुलांनाच करायला लावले. चर्चा, मग हात वर करून मतदान. एक नियम झाला: उशिरा येणाऱ्याने फळा पुसायचा. आठवड्याभरात एसटी चुकली आणि मलाच उशीर झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली, डस्टर पुढे केलं आणि हळूच म्हणाली, “बाई, नियम तुम्हालापण आहे ना?” मी फळा पुसला. कायद्यापुढे समानता, म्हणजे कलम १४, त्या दिवशी वर्गाला वेगळं शिकवावं लागलं नाही.

पुढे मुलांनी ठरवलं, डबे आणणाऱ्यांनी वेगळं बसायचं. तेव्हा मी थांबवलं. बहुमत असलं तरी काही गोष्टी ठरवता येत नाहीत, हे सांगताना अस्पृश्यता नष्ट करणारं कलम १७ आणि अस्पृश्यतेची गोष्ट आली. मुलं गप्प ऐकत होती. हा भाग सगळ्यात अवघड, आणि नेमका तोच आपण गाळतो.

२६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, भाषणं जरूर ठेवा, पण त्याआधी मुलांना एकदा ग्रामसभेत नेऊन बसवा.