शब्दचर्चा : पृथ्वीचा आस ‘कलतो’ की ‘कललेला आहे’?

विचारणा (परभणी)

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ऋतूंचा तक्ता तयार होत आहे. विद्यार्थ्यांनी त्यावर “जून महिन्यात पृथ्वी सूर्याकडे कलते, म्हणून उन्हाळा येतो” असे वाक्य लिहिले आहे. एका सहकाऱ्यांचा आक्षेप असा की, जूनमध्ये आपल्याकडे मृग लागलेला असतो आणि पेरणीची धांदल चालू असते, तेव्हा त्या महिन्याला उन्हाळ्याचा म्हणणे चमत्कारिक वाटते. माझी शंका थोडी वेगळी आहे. आसाच्या बाबतीत ‘कलणे’, ‘झुकणे’ आणि ‘तिरपे असणे’ यांपैकी कोणता प्रयोग योग्य ठरेल? शिवाय आसाचा कल साडेतेवीस अंश म्हणावा की साडेसहासष्ट? मुलांच्या वह्यांत दोन्ही आकडे सापडतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (लातूर, भूगोलाच्या शिक्षिका)

सर, खरी अडचण शब्दापेक्षा क्रियापदाच्या रूपात आहे. ‘कलते’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हालचाल उभी राहते. ‘दिस कलला’ असे आपण म्हणतो तेव्हा सूर्य मावळतीकडे सरकलेला असतो आणि ‘भिंत कलली’ म्हणतो तेव्हा ती आधी सरळ होती हे गृहीतच असते. त्यामुळे ‘पृथ्वी सूर्याकडे कलते’ हे वाक्य वाचून पृथ्वी जूनमध्ये पुढे वाकते व डिसेंबरमध्ये मागे रेलते, असा समज वर्गावर्गांतून पक्का होतो, आणि एकदा बसलेला हा समज दहावीपर्यंत निघत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रत्यक्षात वर्षभरात आसाची दिशा बदलत नाही. त्याचे उत्तर टोक बाराही महिने ध्रुवताऱ्याच्या रोखाने असते. बदलते ती पृथ्वीची कक्षेतील जागा, आणि त्यामुळे तेच टोक जूनमध्ये सूर्याच्या बाजूस येते व डिसेंबरमध्ये विरुद्ध बाजूस जाते. म्हणून ‘आस कललेला आहे’ असे स्थिती दाखवणारे रूपच वापरावे. ‘झुकणे’ मी टाळते, कारण झुकणारा नेहमी कोणापुढे तरी किंवा कशाकडे तरी झुकतो. ‘कल’ या नामालाही तीच खोड आहे. ‘मुलाचा कल गणिताकडे आहे’ या वापरामुळे ‘कल’ म्हटले की मागोमाग ‘कडे’ येतो आणि आसाचा कल म्हणता म्हणता ‘सूर्याकडे’ हा शब्द नकळत लिहिला जातो. ‘तिरपा’ हे विशेषण निर्धोक आहे, मात्र ते किरणांसाठी राखून ठेवल्यास मुलांचा गोंधळ कमी होतो.

तक्त्यासाठी वाक्य सुचवते : “पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे जून महिन्यात उत्तर गोलार्ध सूर्यासमोर अधिक येतो, आणि तेथे ऊन अधिक सरळ पडते व दिवस अधिक मोठा असतो.” यात उन्हाळ्याचे नाव नाही, त्यामुळे आपल्या सहकाऱ्यांचेही समाधान व्हावे.

उत्तर (नांदेड)

आकड्यांपुरते सांगतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त कोन कशाशी मोजला ते सांगायला हवे. कक्षेच्या प्रतलावर उभ्या केलेल्या लंबाशी आस सुमारे २३.४ अंशांचा कोन करतो आणि खुद्द प्रतलाशी सुमारे ६६.६ अंशांचा. ‘कल’ म्हणजे सरळ उभ्या स्थितीपासूनचे अंतर, म्हणून कल म्हणायचा असेल तर पहिलाच आकडा घ्यावा.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर, हौशी आकाशनिरीक्षक)

या चर्चेत एका जुन्या शब्दाची आठवण करून द्यावीशी वाटते. आपल्या सिद्धांतग्रंथांत आणि पंचांगांत सूर्याच्या विषुववृत्तापासूनच्या उत्तर-दक्षिण अंतराला ‘क्रांती’ म्हणतात, आणि हे अंतर जास्तीत जास्त जितके होते त्याला ‘परमक्रांती’. आसाचा कल आणि सूर्याची परमक्रांती हा एकच कोन आहे : एकदा पृथ्वीकडे बाहेरून पाहून सांगितलेला, एकदा अंगणात उभे राहून. सूर्यसिद्धांतासारख्या ग्रंथांत तो २४ अंश धरला आहे. अंगणातून मोजता येणारा शब्द म्हणून मला ‘क्रांती’ अधिक आवडतो, पण आजच्या विद्यार्थ्याला क्रांती म्हटले की १९४२ आठवते, त्याला माझा इलाज नाही.

सूर्याची क्रांती ज्या दिवशी आपल्या अक्षांशाइतकी होते, त्या दिवशी मध्यान्ही तो नेमका डोक्यावर येतो. लातूर सुमारे १८.४ उत्तर अक्षांशावर आहे, तेथे हे मेच्या मध्याला घडते, आणि १९.९ अंशांवरील आमच्या शहरात मेच्या १९–२० तारखेच्या सुमारास. त्या दिवशी गच्चीवर पाण्याच्या नळाचा एक तुकडा ओळंबा लावून उभा करावा. दुपारी बाराला त्याची सावली अजून बोटभर दिसते, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेने चालते आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. बारा वाजून पंचवीस मिनिटांच्या आसपास मात्र ती पूर्ण नाहीशी होते आणि नळाच्या आतल्या उजेडाचा गोल तुकडा थेट तळाशी उतरतो. सूर्य उत्तरेकडून परतताना, जुलैच्या २३–२४ तारखेला, हेच पुन्हा घडते, पण तेव्हा आभाळ भरलेले असल्याने ते बहुधा कोणी पाहत नाही.

परभणीच्या सरांच्या सहकाऱ्यांच्या आक्षेपाचे उत्तर येथेच आहे. मे ते जुलै या काळात मराठवाड्यावर मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावरच असतो. ऊन मोजायचे तर जूनही मेइतकाच तापायला हवा. तो तापत नाही, कारण तोवर पाऊस येतो. हा पाऊसही आसाच्या कलाशीच बांधलेला आहे : सूर्य उत्तरेकडे सरकल्यावर उपखंडाची जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावर हवेचा दाब कमी होतो आणि हिंदी महासागरावरील बाष्पाने भरलेले वारे नैर्ऋत्येकडून आत ओढले जातात. म्हणजे कलामुळे ‘उन्हाळा येतो’ हे वाक्य आपल्याकडे अर्धेच खरे आहे. कलामुळे उन्हाळा येतो आणि कलामुळेच तो मोडतो. युरोपच्या पुस्तकांतून उचललेली चार ऋतूंची आकृती आपल्या तक्त्यावर जशीच्या तशी छापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवसाच्या लांबीचा फरकही आपल्याकडे माफक असतो. आमच्या शहरात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. उत्तर ध्रुववृत्तापलीकडे मात्र उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही.

पुरवणी विचारणा (बीड)

‘उत्तरायण’ हा शब्द या चर्चेत कुठे बसतो? २१–२२ डिसेंबरपासून सूर्य उत्तरेकडे वळतो असे पुस्तकात आहे, तर घरी आजी संक्रांतीपासून उत्तरायण धरते.

उत्तर (लातूर, भूगोलाच्या शिक्षिका)

सूर्याच्या क्रांतीप्रमाणे उत्तरायण डिसेंबरातच सुरू होते. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, आणि राशी ताऱ्यांशी बांधलेल्या आहेत. सुमारे सतरा शतकांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडत. त्यानंतर त्यांच्यात जवळजवळ चोवीस दिवसांचे अंतर पडले, कारण आसाची दिशा अतिशय मंद गतीने अवकाशात गोल फिरते आणि एक फेरा सुमारे २६,००० वर्षांत पुरा होतो. याला मराठीत ‘परांचन’ किंवा ‘अयनचलन’ म्हणतात. आस वर्षभर स्थिर असतो असे मी वर लिहिले, ते वर्षाच्या मापाने खरे आहे. आजींना चूक ठरवण्याचे कारण नाही, त्या ताऱ्यांचे गणित पाळतात.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात यावी. ‘कलतो’ हे क्रियापद जेथे खरोखर शोभते अशी एक जागा आहे. आसाचा कल सुमारे ४१,००० वर्षांच्या आवर्तनात २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान कमी-जास्त होतो आणि सध्या तो हळूहळू घटतो आहे. कल वाढला की ऋतूंमधील तफावत वाढते. तो घटला की उंच अक्षांशांवरील उन्हाळा सौम्य होतो आणि हिवाळ्यात पडलेले बर्फ पुरते वितळत नाही. हिमयुगांची सांगड या आवर्तनांशी घालण्याचे गणित सर्बियाचे मिलुटिन मिलँकोविच यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले.

उत्तर (नांदेड)

जाता जाता : सूर्य जवळ आल्याने उन्हाळा होतो, हा समज तक्त्यावर एका ओळीत खोडून टाकावा. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या आरंभी असते, तेव्हा परभणीत शेकोट्या पेटलेल्या असतात. जुलैच्या आरंभी हे अंतर १५.२ कोटी किलोमीटर होते.

पुरवणी विचारणा (परभणी)

सर्वांचे आभार. वाक्य बदलून घेतले आहे. मुलांनी आता इतर ग्रहांचा रकाना जोडला असून युरेनसचा कल ९८ अंश लिहिला आहे. नव्वदाच्या पुढे ‘कल’ म्हणता येईल का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

तक्त्याच्या रकान्यात अवश्य म्हणावे, व्याख्या तीच राहते. वर्णन करताना मात्र युरेनसचा आस ‘आडवा’ आहे असे लिहावे. त्याचे एक वर्ष आपल्या ८४ वर्षांचे आहे, आणि त्यात प्रत्येक ध्रुवावर सुमारे ४२ वर्षे उजेड व ४२ वर्षे अंधार असतो. मंगळाचा कल २५ अंश, म्हणजे आपल्यासारखाच, पण त्याची कक्षा अधिक लंबवर्तुळाकार असल्याने तेथील ऋतूंत अंतराचाही हात असतो. गुरूचा कल जेमतेम ३ अंश, त्यामुळे तेथे ऋतू असे फारसे नाहीत. शुक्रापुढे १७७ हा आकडा आला की मुले त्याचे ऋतू सर्वांत तीव्र समजतील. त्या चौकटीत ‘उलट फिरतो, आस जवळजवळ सरळ’ एवढे अवश्य लिहावे.