मदत हवी आहे: धाकट्या भावाचं रात्रीचं खाणं

नमस्कार. आम्ही जळगावचे. भाऊ २६ वर्षांचा, नोकरीला रोज भुसावळला जातो. सगळ्यांसोबत जेवायला बसला की जेमतेम एक भाकरी खातो. पण रात्री घर झोपलं की दिवा न लावता स्वयंपाकघरात. मायने उन्हाळ्यात वर्षभरासाठी केलेले बिबडे पोळ्याआधीच संपले. गादीखाली शेवेची रिकामी पाकिटं सापडली. परवा पाणी प्यायला उठले तर थंडगार शेवभाजी कढईतूनच भराभर खात होता. मला बघून रडायलाच लागला. "ताई, पोट दुखतंय, तरी थांबता येत नाही."

घरचे म्हणतात, जवान पोरगं आहे, खाऊ द्या. अहो, शेतात भरीत-पार्टी असली की आपण सगळेच दोन घास जास्त खातो. पण हे लपवणं, ही शरम? वाचलं की हा बिंज इटिंग डिसऑर्डर असू शकतो, म्हणजे ताबा सुटून थोड्या वेळात खूप खाल्लं जाण्याचा मानसिक आजार. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या यादीत तो स्वतंत्र आजार आहे. आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने, असा निकष. याचं चार महिने चाललंय.

माय डब्यांना कुलूप लावायचं म्हणते. मला पटत नाही, दिवसा उपास घडला की रात्री तो जास्तच खातो.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मी बोलणार आहे. पण त्याला न दुखावता विषय कसा काढू? जळगाव-धुळ्यात याचे उपचार कोणी घेतलेत का? मायला कसं समजावू?