मुख्याध्यापक होताना श्रद्धा कुठं ठेवायची?

फलटणकर_मास्तर:
नमस्कार मंडळी, सेवाज्येष्ठतेनं जूनपासून मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडं येतोय, शाळा अनुदानित आहे. आमच्या घरात माळ आहे, माऊलींची पालखी लोणंदला आली की फलटणपर्यंत तरी मी चालतोच, आणि शाळा चालवताना पण हीच श्रद्धा सोबत असावी असं मनापासून वाटतं. पण ट्रेनिंगला गेलो तर शालार्थ म्हणजे पगाराची ऑनलाइन प्रणाली, युडायस म्हणजे शाळेची माहिती भरायची प्रणाली, पोषण आहाराचं रजिस्टर, बास. कुणी खोट्या आकड्यावर सही मागितली तर काय करायचं हे कुठं शिकायचं? आणि आमच्या शाळेत मुस्लिम, बौद्ध पोरं पण आहेत, माझी भक्ती त्यांच्यावर लादली जाऊ नये याची धास्ती वाटते.

कराडची_ताई:
सर, आधी कायद्याचं सांगते. घटनेच्या कलम 28 प्रमाणे अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला पालकांच्या संमतीशिवाय पोराला बसवता येत नाही, त्यामुळं हरिपाठ घरी म्हणा. आता सहीचं. मी चार्ज घेतला त्याच वर्षी संस्थेतल्या एकांनी पट, म्हणजे पोरांची संख्या, फुगवून दाखवायला सांगितलं, नाहीतर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, एक शिक्षक अतिरिक्त ठरणार होता. मी नाही म्हटलं. तो शिक्षक खरंच अतिरिक्त ठरला, घरी दोन लहान लेकरं होती त्याची, आणि मला कितीतरी रात्री झोप आली नाही. नंतर त्याच्या समायोजनासाठी, म्हणजे त्याला दुसऱ्या शाळेत जागा मिळावी म्हणून, मी स्वतः त्याच्यासोबत शिक्षणाधिकारी कार्यालयात खेटे घातले. नाही म्हणून मोकळं होता येत नाही सर, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मिरजकर:
ताईंशी सहमत. आपल्याकडं कर्मवीर अण्णा, म्हणजे भाऊराव पाटील, आहेतच की. जन्मानं जैन, 1919 ला काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, पण साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली. आणि पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्र पण. मला तरी श्रद्धा त्या पंगतीत दिसते. तुमच्या शाळेत पोषण आहाराला कोण कुठं बसतंय ते एकदा बघा, आणि स्वतः पण त्यांच्यातच जेवायला बसा.

फलटणकर_मास्तर:
ताई, समायोजनाचं वाचून गलबलून आलं. मिरजकर, खरं सांगतो, पंगतीकडं मी कधी नीट बघितलंच नव्हतं, उद्या बघतो. ताई, चार्ज घ्यायच्या आधी एखाद्या शनिवारी कराडला तुमच्याकडं येऊ का? माझ्या वहीत आत्ताच सात प्रश्न झालेत.

कराडची_ताई:
या की सर. दुपारनंतर या, आणि वही आणा.