मदत हवी आहे: मामेर्टिनसचं स्तुतिभाषण रोमन इतिहासकार अम्मियानुसने वाचलं होतं का?

रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातली सम्राट-स्तुती आणि इतिहासलेखन यांच्या नात्यावर टिपण लिहितोय. एका प्रसंगावर अडलोय.

१ जानेवारी ३६२, कॉन्स्टँटिनोपल. मामेर्टिनस आणि नेविट्टा कॉन्सल (वर्षभराचं मानाचं सर्वोच्च पद) झाले, आणि सम्राट जूलियन त्या समारंभात पायी चालला. मामेर्टिनस त्याच दिवसाच्या आभाराच्या भाषणात याचं भरभरून कौतुक करतो. अम्मियानुस मार्सेलिनस मात्र आपल्या इतिहासग्रंथाच्या २२व्या खंडात एका वाक्यात सांगतो की काहींनी वाखाणलं, काहींनी हे दिखाऊ आणि हलकं म्हणून नावं ठेवली. मला ते वाक्य फार मोलाचं वाटतं. हाच अम्मियानुस १६व्या खंडात कबूल करतो की जूलियनबद्दलचं आपलं लेखन जवळजवळ स्तुतीच्या प्रांतात जाईल!

दोन्ही उतारे इंग्रजी भाषांतरात वाचलेत, मूळ लॅटिन शब्दकोश घेऊन ताडून पाहिलंय. ठोस शब्दसाम्य सापडलं नाही. पण माझं लॅटिन कच्चं आहे, जर्मन येत नाही, त्यामुळे इंग्रजी किंवा फ्रेंच संदर्भच चालतील. त्याच काळातल्या लिबानियस या ग्रीक वक्त्याची भाषणं सध्या बाजूला ठेवली आहेत.

अम्मियानुसने हे भाषण प्रत्यक्ष वाचलं होतं असं मानायला मजकुरातला काही पुरावा आहे का, की दोघांकडे फक्त एकाच प्रसंगाची आठवण पोचली होती?